लायसन्सचं नूतनीकरण: आरटीओच्या खिडकीपर्यंत जाण्याआधी

2005-06 च्या सुमारास, कॉलेज संपता संपता ज्यांनी लायसन्स काढलं, त्यांची कार्डं आता एकेक करून संपत आहेत. तेव्हाच्या नियमाने खासगी वाहनाचं लायसन्स वीस वर्षं किंवा वयाच्या पन्नाशीपर्यंत, यातलं जे आधी येईल तोवर चालायचं. माझंही त्यातलंच. पाकिटाच्या मागच्या कप्प्यात इतकी वर्षं पडून राहिलं की त्यावर मुदतीची तारीख असते हेच विसरलो होतो. तेव्हा पहिलं काम हे: कार्ड बाहेर काढा आणि एनटीसमोरची तारीख वाचा. एनटी म्हणजे खासगी वाहन. टीआर म्हणजे टॅक्सी-ट्रकसारखं व्यावसायिक वाहन, त्याची मुदत सहसा पाचच वर्षं.

नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या वर्षभर आधीपासून करता येतो आणि संपल्यावर वर्षभरापर्यंत. याचा अर्थ ते वर्षभर गाडी चालवता येते असा मात्र नाही. पूर्वी तीस दिवसांची सवलत असायची, ती 2019 च्या दुरुस्तीने गेली. विनालायसन्स गाडी चालवण्याचा दंड 5,000 रुपये आहे, आणि अपघात झालाच तर विमा कंपनी सगळ्यात आधी तीच तारीख बघते. वर्ष उलटून गेलं तर पुन्हा चाचणी द्यावी लागते. वीस वर्षं गाडी चालवलेल्या माणसाला आठचा आकडा काढून दाखवायचा म्हणजे जिवावर येतं, तेव्हा तेवढी वेळ आणू नका.

नवी मुदत वयावर ठरते. तिशी ते पन्नाशीच्या मध्ये असाल तर दहा वर्षं. पन्नास ते पंचावन्नमध्ये असाल तर साठीपर्यंत. त्यापुढे दर वेळी पाच वर्षं.

नावं जुळवा

आता खरं काम. ते आरटीओत नसतं, घरी जेवणाच्या टेबलावर असतं. लायसन्स, आधार, पॅन आणि शाळा सोडल्याचा दाखला शेजारी शेजारी मांडा आणि नाव, जन्मतारीख, पत्ता अक्षर न् अक्षर ताडून बघा.

मी हे केलं नाही. माझ्या लायसन्सवर वडिलांच्या नावाचं नुसतं आद्याक्षर होतं, आधारवर पूर्ण नाव. शिवाय एकीकडे आडनाव आधी, दुसरीकडे शेवटी. खिडकीतल्या बाईंनी दोन्ही कार्डं उजेडाकडे धरली, पेनाच्या टोकाने आधी एकावर, मग दुसऱ्यावर टकटक केलं आणि म्हणाल्या, "हा एकच माणूस आहे हे मी कशावरून म्हणू?" मला राग आला. पण रिक्षाने घरी येताना लक्षात आलं की बाईंचं चुकलं नव्हतं. मी मीच आहे हे मला ठाऊक. त्यांच्यासमोर दोन कागद होते आणि ते एकमेकांशी बोलत नव्हते.

किरकोळ फरक असेल तर आधार केंद्रात जाऊन दुरुस्ती करणं बहुधा सोपं पडतं, कारण पुढची सगळी कामं आधारवरच अडतात. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांना विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली नोंद लागते. आधारला जोडलेला मोबाइल नंबर चालू आहे ना, हेही तेव्हाच बघा. ओटीपी जुन्या, बंद पडलेल्या नंबरवर जात राहतो आणि आपण स्क्रीनकडे बघत बसतो.

सारथीवर अर्ज

अर्ज सारथी पोर्टलवर, म्हणजे लायसन्सच्या कामांच्या सरकारी वेबसाइटवर होतो. पत्त्याच्या शेवटी 'गव्ह डॉट इन' आहे याची खात्री करा. हुबेहूब दिसणाऱ्या खोट्या साइट आहेत, आणि व्हॉट्सॲपवर आलेली आरटीओच्या नावाची एपीके फाइल (उघडली की फोनमध्ये ॲप बसवणारी) तर चुकूनही उघडू नका. राज्य महाराष्ट्र निवडा, लायसन्सच्या सेवांमध्ये नूतनीकरण निवडा, लायसन्स क्रमांक आणि जन्मतारीख भरा.

पुष्कळांचं घोडं इथेच अडतं: 'माहिती सापडली नाही'. जुन्या कार्डावर क्रमांक तिरप्या रेघा देऊन लिहिलेला असतो, साल दोनच आकडी. सारथीला हवा असतो राज्य आणि कार्यालयाचा कोड, मग चार आकडी साल, मग सात आकडी क्रमांक. म्हणजे एमएच 12/05/4321 असं असेल तर एमएच12 2005 0004321. शून्यं मोजून भरा. तरीही सापडलं नाही, तर जुनी नोंद संगणकावर चढलेलीच नाही असं समजा. त्याला कार्यालयात 'बॅकलॉग' म्हणतात. ज्या आरटीओने लायसन्स दिलं तिथे मूळ कार्ड घेऊन जाऊन "बॅकलॉग एंट्री करायची आहे" एवढंच सांगा. हा शब्द वापरलात की अर्ध्या मिनिटात योग्य टेबल दाखवतात; नाहीतर आपली कहाणी तीन खिडक्यांवर सांगावी लागते.

पत्ता बदलला असेल तर तो बदलही याच अर्जात निवडा. नवं कार्ड पोस्टाने घरी येतं आणि जुन्या पत्त्यावर गेलं की परत फिरतं.

आधारवरून ओळख पटवायचा पर्याय दिसला तर तोच घ्या. त्याला फेसलेस म्हणतात. सगळं जुळत असेल तर कार्यालयात जावंच लागत नाही. नाहीतर कागद अपलोड करून तारीख घ्यायची आणि मूळ प्रतींसह जायचं. सोमवार आणि जोडसुट्टीनंतरचा दिवस टाळलेला बरा.

नूतनीकरणाचे 200 आणि स्मार्ट कार्डाचे 200 रुपये, वर टपालखर्च. उशीर झाला असेल तर जादा शुल्क. पैसे बँकेतून गेले आणि पोर्टलवर काहीच उमटलं नाही, असं होतं. घाबरून दुसऱ्यांदा भरू नका. शुल्काच्या भागात पेमेंटची स्थिती तपासायचा पर्याय असतो, तिथे अर्ज क्रमांक टाकून बघा.

डॉक्टर

चाळिशी ओलांडली असेल तर फॉर्म 1ए, म्हणजे वैद्यकीय प्रमाणपत्र लागतं. हल्ली बरेच डॉक्टर ते सारथीवर स्वतःच्या लॉगिनमधून भरतात, म्हणून अर्ज आधी करा आणि त्याचा क्रमांक घेऊन दवाखान्यात जा.

न तपासता शिक्का मारून देणारे भेटतात. माझ्या डॉक्टरांनी मला खिडकीशी उभं केलं आणि रस्त्यापलीकडच्या रिक्षाचा नंबर वाचायला लावला. फॉर्ममध्ये तसंच आहे: चांगल्या उजेडात पंचवीस मीटरवरून नंबरप्लेट वाचता येते का. मी शेवटचा आठ तीन वाचला. चष्म्याचा नंबर बदलला होता आणि मला पत्ताच नव्हता. चार दिवस गेले, पण शिक्का विकत घेतला असता तर तो आठ अजूनही तीनच दिसत असता.

एजंट आणि अडलेली फाइल

एजंट घ्यावा का? ज्यांना स्मार्टफोन जमत नाही आणि घरात करून देणारं कोणी नाही, त्यांनी फॉर्म भरून घ्यायला पैसे दिले तर मी नावं ठेवणार नाही. पण मोबाइल नंबर तुमचाच टाकायला सांगा, ओटीपी कशासाठी आहे ते वाचून मगच द्या आणि मूळ कार्ड कोणाकडे ठेवून येऊ नका. कोणी लाच मागितली तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा क्रमांक 1064 आहे.

अर्ज नुसताच पडून राहिला तर दर आठवड्याला जाऊन "साहेब, बघा ना" म्हणण्यात अर्थ नसतो. महाराष्ट्रात 2015 पासून लोकसेवा हक्क कायदा आहे. कोणती सेवा किती दिवसांत आणि कोणता अधिकारी देणार, याचा फलक कार्यालयात लावावा लागतो. त्यावर आपली सेवा शोधा, फोटो काढून ठेवा. दिवस उलटले तर तीस दिवसांच्या आत प्रथम अपील करता येतं, मग दुसरं, मग आयोगाकडे. कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला 500 ते 5,000 रुपये दंड होऊ शकतो. बहुतेक वेळा अपिलापर्यंत जावं लागत नाही. अर्जाची पोच पुढे करून "यातली त्रुटी लेखी मिळेल का?" एवढं शांतपणे विचारलं की कागद हलतो. आवाज चढवलात तर तीच फाइल ढिगाच्या तळाशी जाते.

मंजुरी मिळाल्यावर कार्ड हातात यायला वेळ लागला तरी अडत नाही. डिजिलॉकर किंवा एमपरिवहन या सरकारी ॲपमधलं लायसन्स कायद्याने ग्राह्य आहे. कार्ड आलं की लिफाफा टाकून देण्याआधी दोन्ही बाजू बघा: मोटारसायकल आणि कार, दोन्ही वर्ग तसेच आहेत का, रक्तगट बरोबर आहे का. आणि नवी तारीख फोनच्या कॅलेंडरमध्ये टाका, सहा महिने आधीची आठवण लावून.