डेल्फ्टला जाताय? या चुका टाळा

आमच्याकडे नेदरलँड्समधल्या हेगला पाहुणे आले की एक दिवस डेल्फ्टचा ठरलेला असतो. आगगाडीने जेमतेम पाव तास लागतो. म्हणून बहुतेक जण म्हणतात, "सकाळी जाऊ, जेवायला परत येऊ." पहिली चूक इथेच होते. डेल्फ्ट छोटं आहे, पण ते घाईत बघायचं गाव नाही. संध्याकाळपर्यंतचा पूर्ण दिवस द्या.

सगळ्यात जास्त हिरमोड होतो तो चित्रकार व्हर्मीरच्या बाबतीत. तो १६३२ मध्ये इथे जन्मला, आयुष्यभर इथेच राहिला, १६७५ मध्ये इथेच गेला. पण त्याचं एकही मूळ चित्र आज डेल्फ्टमध्ये नाही. गावातल्या व्हर्मीर केंद्रात सगळ्या प्रतिकृती आहेत. त्या मूळ मापाच्या आहेत, समजावूनही छान सांगतात. पण 'मोत्याचं कानातलं घातलेली मुलगी' आणि 'डेल्फ्टचं दृश्य' ही चित्रं हेगच्या माउरित्सहाउस संग्रहालयात आहेत. म्हणून क्रम उलटा करा. आदल्या दिवशी हेगला 'डेल्फ्टचं दृश्य' शांतपणे बघून घ्या. दुसऱ्या दिवशी डेल्फ्टच्या दक्षिणेला होइकाडे या धक्क्यावर जा. व्हर्मीरने ते दृश्य तिथूनच रंगवलं. चित्रातल्या दोन्ही वेशी केव्हाच पाडल्या गेल्या, पण पाणी तेच आहे आणि पलीकडे 'नव्या चर्च'चा मनोरा दिसतो. चित्रात ऊन नेमकं त्याच मनोऱ्यावर पडलंय. मूळ चित्र आधी बघितलेलं असलं तर या जागेवरून पाय निघत नाही.

दुसरी चूक खिशाला लागते. निळ्या-पांढऱ्या डेल्फ्ट भांड्यांची दुकानं चौकात ओळीने आहेत आणि तिथलं सगळंच हाताने रंगवलेलं असतं असं आपण धरून चालतो. माझ्या मावशीने एक ताटली मोठ्या हौसेने घेतली; घरी भिंग लावून पाहिलं तर फुलाच्या पाकळीत बारीक बारीक ठिपके. म्हणजे छपाई. हाताच्या कामात कुंचल्याचा फराटा दिसतो, एकाच रेषेत निळा कुठे गडद तर कुठे फिका होतो. घेण्याआधी ताटली पालथी करा. १६५३ पासून चालू असलेल्या रॉयल डेल्फ्ट कारखान्याच्या हाताने रंगवलेल्या भांड्याखाली बाटलीची खूण, चित्रकाराची आद्याक्षरं आणि वर्षाची खूण असते. छापील वस्तू घेऊ नका असं मी म्हणत नाही, पण काय घेतोय ते माहीत असावं. या कारखान्यात काम चाललेलं बघता येतं. भट्टीत जाण्याआधी रंग काळपट दिसतो आणि भाजल्यावर त्यातला कोबाल्ट निळा होऊन बाहेर येतो. मुळात ही कला चिनी भांड्यांची नक्कल म्हणून वाढली. सतराव्या शतकात चीनमधल्या यादवीमुळे तिकडून माल येईना, तेव्हा इथल्या कुंभारांनी बंद पडलेल्या दारूभट्ट्यांच्या इमारतींत आपले कारखाने थाटले.

गाडीत बसताना: बँकेचं कार्ड स्टेशनवरच्या यंत्राला टेकवून प्रवास करता येतो, पण एका कार्डावर चौघं जात नाहीत. प्रत्येकाला वेगळं कार्ड लागतं. चढताना कार्ड आणि उतरताना फोन टेकवला तर यंत्राच्या लेखी ते दोन वेगळे प्रवासी होतात आणि जास्तीचे पैसे कापले जातात. भारतातून व्हिसा किंवा मास्टरकार्ड आणताना त्यावर परदेशातले आणि कॉन्टॅक्टलेस व्यवहार बँकेच्या अ‍ॅपमधून चालू करून घ्या. आणि 'डेल्फ्ट' स्टेशनलाच उतरा. 'डेल्फ्ट कॅम्पस' हे वेगळं स्टेशन आहे. बरोबर उतरलात तर वर बघा, छतभर १८७७ चा गावाचा नकाशा आहे.

लहान मुलं बरोबर असतील तर हे नीट वाचा. कालव्यांना बऱ्याच ठिकाणी कठडा नाही. उन्हाळ्यात पाण्यावर हिरव्या शेवाळासारखी बारीक पानांची वनस्पती इतकी दाट पसरते की ते गवतच वाटतं. माझ्या पाच वर्षांच्या भाच्याने चेंडू आणायला सरळ त्यावर पाय टाकला होता. त्याचा दंड माझ्या हातात होता म्हणून वाचला. कालव्याकाठी मुलांचा हात सोडू नका.

रविवार टाळा. दोन्ही मोठी चर्च त्या दिवशी प्रार्थनेसाठी असतात, पर्यटकांसाठी नाही. गुरुवारी चौकात बाजार भरतो, तो दिवस चांगला. जुन्या चर्चचा मनोरा चांगलाच कललेला आहे आणि आत व्हर्मीरची कबर आहे. नव्या चर्चमध्ये डच स्वातंत्र्यलढ्याचा नेता विल्यम ऑफ ऑरेंज याची समाधी आहे, त्याच्या पायाशी त्याचा कुत्रा कोरलाय. याच चर्चच्या मनोऱ्याच्या ३७६ पायऱ्या अरुंद आणि गोल आहेत. गुडघे दुखत असतील तर खालीच थांबा. १५८४ मध्ये विल्यमचा खून झाला त्या प्रिन्सेनहोफ या आताच्या संग्रहालयात गोळ्यांच्या खुणा आहेत, पण तिथे मोठं नूतनीकरण काढलंय. उघडलंय का ते निघण्याआधी बघून घ्या.

आणि आउडे डेल्फ्ट कालव्यावरचं ३९ नंबरचं घर चुकवू नका. डच ईस्ट इंडिया कंपनीच्या सहा शाखांपैकी डेल्फ्टची शाखा इथे होती. याच कंपनीने वेंगुर्ल्यात वखार बांधली, तिचे पडके अवशेष अजून आहेत. आमच्याकडे वेंगुर्ल्याचे पाहुणे आले तेव्हा या दारापुढे अर्धा तास उभे होते.