कार्यालयासाठी इंटरनेट जोडणी कशी निवडावी

इंटरनेट जोडणी घ्यायची ठरली की बहुतेक ठिकाणी पहिली विचारणा वेगाची होते आणि सेवा पुरवठादारांची माहितीपत्रकेही तोच आकडा ठळक अक्षरांत छापतात. वास्तविक वेग ही नंतर सर्वांत सहज बदलता येणारी बाब आहे. योजना बदलली की पुष्कळदा त्याच तारेवरून दुप्पट वेग मिळू शकतो. तार इमारतीत कोणत्या मार्गाने येते, ती तुटल्यावर किती तासांत जोडून मिळते आणि तोपर्यंत काम कशावर चालते, या गोष्टी मात्र एकदा ठरल्या की वर्षानुवर्षे तशाच राहतात. म्हणून निवडीची सुरुवात एका साध्या प्रश्नाने करावी: भर कामाच्या वेळी नेट गेले, तर काय अडते आणि ते किती वेळ अडलेले चालेल?

याचे उत्तर कामवार लिहून काढावे. पत्रव्यवहार आणि आराखड्यांचे काम करणाऱ्या कार्यालयाला दोन-तीन तासांचा खंड पचतो, कारण तेवढा वेळ मोबाइलच्या हॉटस्पॉटवर निभावून नेता येतो. ज्या दुकानातील बिलिंग दूरच्या सर्व्हरवर चालते, तिथे पाच मिनिटांत काउंटरपुढे रांग लागते. फोनवरून ग्राहकसेवा देणाऱ्या संस्थेचे फोनच इंटरनेटवर चालत असतील, तर तिचे कामकाज त्याच क्षणी ठप्प होते. यादीत असे एक जरी काम निघाले, तर दुसरी जोडणी लागणारच हे तिथेच गृहीत धरावे आणि अंदाजपत्रक दोन जोडण्यांचे करावे.

गरजेचा हिशेब

वेगाचा हिशेब करताना डाउनलोडपेक्षा अपलोडकडे अधिक लक्ष द्यावे. घरगुती वापरात माणसे मुख्यतः चित्रपट पाहतात, म्हणजे माहिती आत येते. कार्यालयातून मात्र ती बाहेरही तितकीच जाते: व्हिडिओ बैठका, क्लाउडवरचे बॅकअप, कॅमेऱ्यांचे चित्रण, ग्राहकांना पाठवायच्या मोठ्या फाइली. वीस जणांचे एक कार्यालय घेऊ. एका वेळी सहा जण व्हिडिओ बैठकीत असतील आणि चांगल्या चित्रासाठी प्रत्येकी 3 एमबीपीएस (सेकंदाला 3 मेगाबिट) अपलोड धरले, तर 18 झाले. इंटरनेटवर एकाच वेळी दहा फोन चालू असतील, तर प्रचलित जी.711 पद्धतीत एका संभाषणाला प्रत्येक दिशेने सुमारे 0.1 एमबीपीएस लागतो, म्हणजे तिथे जेमतेम 1 ची भर पडते. आठ कॅमेरे क्लाउडवर अखंड चित्रण पाठवत असतील आणि प्रत्येकी 2 धरले, तर आणखी 16. बेरीज 35 वर गेली आणि अजून एकाही फाइलचा बॅकअप मोजलेला नाही. थोडी मोकळीक ठेवून हे कार्यालय 50 एमबीपीएस अपलोड मागेल. त्याने ‘100 डाउनलोड, 20 अपलोड’ अशी योजना घेतली, तर तक्रार ‘नेट स्लो आहे’ अशीच येईल. मात्र वेग तपासला की डाउनलोडचा आकडा भरपूर दिसेल आणि कोणालाच काही उमगणार नाही.

योजनेतला आकडा मेगाबिटमध्ये असतो आणि फाइलचा आकार मेगाबाइटमध्ये मोजतात, हेही ध्यानात ठेवावे. एका बाइटमध्ये आठ बिट असल्यामुळे 100 एमबीपीएसच्या जोडणीवर सेकंदाला फार तर साडेबारा मेगाबाइट जातात. 10 गिगाबाइटचा बॅकअप 10 एमबीपीएस अपलोडवर चढवायला सव्वादोन तासांच्या आसपास लागतात. तो दुपारी सुरू झाला, तर त्या वेळच्या सगळ्या बैठका अडखळतात. म्हणून बॅकअप रात्री लावणे हा वेग वाढवण्याचा फुकटातला उपाय आहे.

कोणत्या मार्गाने जोडणी घ्यावी

इमारतीपर्यंत फायबर, म्हणजे प्रकाशाने माहिती नेणारी काचतंतूंची तार, येत असेल, तर फारसा विचार करण्याचे कारण नाही, तीच घ्यावी. फक्त फायबरच्या नावाखाली दोन वेगळ्या सेवा विकल्या जातात, हे समजून घ्यावे. पहिली म्हणजे सामायिक फायबर. त्यात सर्वत्र रुळलेल्या जीपॉन तंत्रात एका तंतूवर सुमारे 2.5 गिगाबिट डाउनलोड आणि 1.25 गिगाबिट अपलोड इतकी क्षमता असते आणि ती स्प्लिटर या वाटणी करणाऱ्या उपकरणामधून सहसा 32 किंवा 64 ग्राहकांत वाटली जाते. योजनेतल्या वेगाच्या आकड्याशेजारी ‘पर्यंत’ हा शब्द असतो तो याच कारणाने. व्यवहारात हे वाटप वाटते तितके त्रासदायक नसते, कारण सगळे ग्राहक एकाच क्षणी पूर्ण वेग वापरत नाहीत; शिवाय निवासी भागात गर्दी संध्याकाळी होते आणि सहाला बंद होणाऱ्या कार्यालयाला तिची झळ लागत नाही. नव्या एक्सजीएस-पॉन तंत्रात हीच क्षमता दोन्ही दिशांना सुमारे 10 गिगाबिट आहे, तेव्हा आपल्या भागात कोणते तंत्र आहे ते विचारून घ्यावे.

दुसरी सेवा म्हणजे लीज्ड लाइन. तिच्यात ठरलेला वेग केवळ आपल्यासाठी राखलेला असतो, अपलोड आणि डाउनलोड समान असतात आणि बिघाड किती तासांत दुरुस्त होईल याची हमी करारात लिहिलेली असते. तिचे मासिक शुल्क तेवढ्याच वेगाच्या सामायिक फायबरच्या कित्येक पट असते. माझ्या मते निव्वळ वेगासाठी लीज्ड लाइन घेणे हा पैशांचा अपव्यय आहे. ती घ्यावी ती लेखी हमीसाठी. स्वतःचा सर्व्हर कार्यालयात ठेवून बाहेरच्या ग्राहकांना सेवा देणारे, मोठे कॉल सेंटर चालवणारे किंवा अनेक शाखा मुख्यालयाशी जोडणारे यांना तिचा खरा उपयोग होतो.

फायबर नसेल तिथे तडजोड आली. टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरील डीएसएलचा वेग अंतराबरोबर घटतो, म्हणून शेजारच्या इमारतीत मिळतो तोच वेग आपल्याला मिळेल असे नाही. केबल टीव्हीच्या तारेवरील जोडणीत डाउनलोड भरपूर मिळते, पण अपलोड बहुधा तोकडे असते. 4जी किंवा 5जीवरची जोडणी एका दिवसात सुरू होते आणि नव्या जागेत तार येईपर्यंत तिचा मोठा आधार वाटतो. तिचा वेग मात्र टॉवरवरच्या गर्दीनुसार चढउतार करतो, तेव्हा अँटेना खिडकीत किंवा गच्चीवर लावण्याची सोय आधी पाहून ठेवावी.

उपग्रहाच्या बाबतीत कक्षेची उंची सर्वांत महत्त्वाची. भूस्थिर उपग्रह विषुववृत्तावर 35,786 किलोमीटर उंचीवर असल्यामुळे प्रश्न जाऊन उत्तर परत येईपर्यंत अर्ध्या सेकंदाहून अधिक वेळ जातो. मेल आणि फाइलींना त्याने फारसे बिघडत नाही, पण फोनवर दोघेही एकमेकांचे बोलणे तोडत राहतात. स्टारलिंकसारख्या सेवांचे उपग्रह काहीशे किलोमीटर उंचीवरच फिरत असल्याने हा विलंब मिलिसेकंदांच्या दोन आकडी संख्येत येतो. त्यांच्या अँटेनाला मोकळे आकाश लागते. एखादे उंच झाड आड आले तरी जोडणी मध्येच क्षणभर तुटते.

हमीचे टक्के आणि दुसरी जोडणी

जोडणी 99.5 टक्के वेळ चालू राहील, ही करारातील हमी कानाला भरघोस वाटते. वर्षाचे तास 8,760 धरले, तर त्यातला अर्धा टक्का म्हणजे जवळजवळ 44 तास होतात, म्हणजे आठ तासांचे पाचाहून अधिक कामाचे दिवस. 99.9 टक्क्यांत हा खंड पावणेनऊ तासांच्या आसपास येतो. टक्केवारी महिन्यावर मोजतात की वर्षावर, पूर्वसूचना देऊन केलेली दुरुस्ती त्यात धरतात का आणि हमी मोडली तर काय मिळते, हे विचारावे. बहुतेक करारांत भरपाई म्हणजे बिलातील सूट असते; बुडालेल्या धंद्याची भरपाई कोणी देत नाही.

या आकड्यांतूनच एक उपयुक्त हिशेब निघतो. वर्षातून 1 टक्का वेळ बंद राहणाऱ्या दोन साध्या जोडण्या घेतल्या आणि त्यांचे बिघाड एकमेकांशी अजिबात संबंधित नसले, तर दोन्ही एकाच वेळी बंद असण्याची शक्यता 0.01 टक्का उरते, म्हणजे वर्षाकाठी सुमारे 53 मिनिटे. लहान व मध्यम व्यवसायाला एका महाग जोडणीपेक्षा दोन स्वस्त जोडण्या परवडतात त्या यामुळे. सगळी मेख ‘संबंधित नसले’ या अटीत आहे. दोन वेगळ्या कंपन्यांची बिले येतात म्हणून मार्ग वेगळे असतीलच असे नाही, कारण एक कंपनी दुसरीचेच फायबर भाड्याने घेते किंवा दोघींच्या तारा एकाच चरातून जातात आणि खोदकामाच्या एका घावात दोन्ही तुटतात. यासाठी जोडणी बसवायला आलेल्या तंत्रज्ञाबरोबर खाली उतरून तार कुठून आत येते, कोणत्या पेटीत जाते आणि ती पेटी कोणत्या विजेवर चालते, हे प्रत्यक्ष पाहावे. शक्य असेल तर एक जोडणी तारेची आणि दुसरी बिनतारी ठेवावी. राउटर, फायबरचे उपकरण आणि संगणकांच्या केबली एकत्र जोडणारा कार्यालयातील नेटवर्क स्विच ही तिन्ही यूपीएसवर असावीत. एक जरी राहिले तरी बाकीच्या दोघांना वीज असून उपयोग नाही.

दोन्ही जोडण्या एकाच ड्युअल-वॅन, म्हणजे दोन जोडण्या घेऊ शकणाऱ्या, राउटरला लावाव्यात, म्हणजे पहिली बंद पडताच तो आपोआप दुसरीवर जातो. अशा वेळी बाहेरच्या जगाला दिसणारा आयपी पत्ता (इंटरनेटवरचा आपला क्रमांक) बदलतो, त्यामुळे चालू फोन तुटू शकतात आणि ठरावीक पत्त्यावरूनच प्रवेश देणाऱ्या सेवा अडवतात. तिथे दोन्ही पत्ते आधीच नोंदवून ठेवावेत. बाहेरून कार्यालयातील सर्व्हरशी किंवा व्हीपीएनशी (कार्यालयाच्या नेटवर्कमध्ये येण्याच्या सुरक्षित खासगी मार्गाशी) जोडायचे असेल, तर स्टॅटिक, म्हणजे न बदलणारा, आयपी मागून घ्यावा. राउटरला मिळालेला पत्ता 100.64 ते 100.127 यांपैकी एखाद्या आकड्याने सुरू होत असेल, तर एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला आहे आणि बाहेरून आत येण्याची वाट बंद आहे, असे समजावे.

सही करण्यापूर्वी आणि नंतर

शक्य असेल तिथे काही आठवड्यांची चाचणी मागावी आणि ती वाय-फायवर न करता लॅपटॉप केबलने थेट राउटरला जोडून करावी. दुसऱ्या मजल्यावरच्या कोपऱ्यातील खोलीत नेट रखडते, याचे कारण पुष्कळदा वाय-फाय असते आणि अशा वेळी पुरवठादार बदलून काहीही साधत नाही. केवळ वेगाच्या चाचणीवर विसंबू नये. संगणकाच्या एका खिडकीत पिंग, म्हणजे संदेश जाऊन उत्तर यायला लागणारा वेळ मोजणारी चाचणी, सतत चालू ठेवावा आणि दुसरीकडे एक मोठी फाइल अपलोडला लावावी. मोकळ्या जोडणीवर 10 मिलिसेकंद दाखवणारा पिंग अपलोड सुरू होताच 400 वर गेला, तर त्या जोडणीवर बैठका अडखळणारच. अशा वेळी जोडणीवरील माहितीच्या रहदारीचे नियोजन करणारा चांगला राउटर लावून पाहावा आणि तरीही फरक पडला नाही, तर दुसरी सेवा बघावी.

करारात किमान मुदत, मुदतीपूर्वी सोडल्यास द्यावी लागणारी रक्कम, ठरावीक वापरानंतर वेग कमी होतो का, उपकरणे कोणाच्या मालकीची आणि जागा बदलल्यास जोडणी हलवता येते का, हे पाहावे. तक्रारीचा क्रमांक सही करण्याआधीच एखाद्या रविवारी फिरवून पाहावा. पलीकडून माणूस बोलतो की ध्वनिमुद्रण वाजते, ते त्या एका फोनवरून कळते.

दोन्ही जोडण्या सुरू झाल्यावर महिन्यातून एकदा, सर्वांना आधी सांगून, भर कामाच्या वेळी मुख्य जोडणीची केबल राउटरमधून काढावी. राउटर किती सेकंदांत दुसरीवर जातो, बिलिंग चालू राहते का, कोणते फोन तुटतात आणि केबल परत लावल्यावर सगळे आपोआप पूर्ववत होते का, हे लिहून ठेवावे आणि त्याच कागदावर दोन्ही पुरवठादारांचे ग्राहक क्रमांक लिहून तो राउटरशेजारी चिकटवावा.