हौदातलं शेवाळ : आधी कर्दळ, मग मासे

अंबाजोगाईला आमच्या घरामागं सासऱ्यांनी बैलांसाठी बांधलेला सिमेंटचा हौद आहे. सहा फूट लांब, चार फूट रुंद, अडीच फूट खोल. काठोकाठ भरला तर सतराशे लिटर पाणी बसतं. बैल गेले, हौद राहिला, आणि मी त्यात कुमुदं लावली. पहिल्याच वर्षी टोपलीत काळ्या मातीबरोबर दोन घमेली शेणखत घातलं आणि आठ दिवसांत पाणी मटकीच्या कढणासारखं हिरवंगार झालं. त्या हिरव्या पाण्यानंच मला सगळं शिकवलं.

शेवाळाला दोन गोष्टी लागतात, ऊन आणि खत. ऊन आपल्याकडं भरपूर. खत माशांच्या विष्ठेतून, उरलेल्या खाद्यातून आणि बोअरच्या पाण्यातूनही येतं. म्हणून शेवाळ खाणारा मासा शोधत फिरण्याआधी ते खत ओढून घेणारी झाडं लावा. हौदाच्या चार फुटी काठाला विटांचा दीड फूट रुंद, फूटभर खोल वाफा बांधा, हौदाच्या पाण्यापेक्षा उंच. तळाला भोकं पाडलेला पीव्हीसी पाइप, त्यावर धुतलेली २० एमएम खडी. मातीचा कणही नको. पाणी वर चढवायला कूलरचा पंप पुरतो. पाणी खालून वर मुळांतून चढतं आणि पुन्हा हौदात सांडतं. खडीवर जिवाणू बसतात, ते माशांच्या घाणीचं झाडांना घेता येईल असं खत करतात. म्हणून पंप सतत चालू हवा. तासा-दोन तासांचं भारनियमन चालतं, पण दिवसभर बंद राहिला तर खडीला कुजका वास सुटतो. आणि पाण्यात हात घालण्याआधी दर वेळी पिन काढा. कूलरच्या पाण्यात शॉक लागून माणसं जातात, हे आपल्या भागात कुणाला सांगायला नको.

आता झाडं. मी झाड मे महिन्याच्या हिशेबानं निवडते, जुलैत तर काहीही तरारतं. २०१६ला मांजरा धरण कोरडं पडलं, लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. त्या वर्षी हौदात पाणी ठेवायला माझं मन धजलं नाही. मासे मैत्रिणीच्या विहिरीत सोडले, वाफा तसाच सुकू दिला. मृगाचे दोन पाऊस झाले आणि वाळक्या खडीतून कर्दळीचे कोंब वर आले. तेव्हापासून माझी पहिली पसंती कर्दळच. खादाड झाड आहे, जड म्हणजे क्षारांचं पाणी सोसतं, ऊन सोसतं. सहा चौरस फुटांत तीन गड्डे बस. फुलून गेलेले दांडे बुडातून कापून वाफ्याबाहेर काढा, तिथंच कुजू दिले तर ओढलेलं खत परत पाण्यात उतरतं.

कर्दळीच्या सावलीत वेखंड लावा. सावकाश वाढतं, उघड्यावर लावलं तर उन्हाळ्यात पात्यांची टोकं करपतात. वाफ्याच्या कडेनं ब्राह्मी सोडा, ती खडीवरून सरकत पाण्यात उतरते आणि तिच्या जाळीत माशांची पिल्लं लपतात. अळू छान येतं, पण हौदात कधी औषध टाकलं असेल तर त्याच्या वड्या करू नका. पाणकणीस नाल्याकाठी फुकट मिळतं म्हणून आणू नका, हौदाला आतून प्लास्टिकचा कागद लावला असेल तर त्याचे टोकदार कोंब तो फोडतात. जलपर्णी खत भराभर ओढते हे खरं, पण पावसात वाहून ओढ्याला लागली की पुढं सगळ्यांना भोगावं लागतं. मी ती अंगणात येऊ देत नाही.

हौदात कुमुदाची एक टोपली ठेवा, वरून वाळू आणि खडीचा थर द्या. पानांनी निम्मं पाणी झाकलं की शेवाळाचं ऊनच तुटतं.

झाडं मृगात लावून महिनाभर मुळं धरू द्या, मगच मासे. आधी कोणतं शेवाळ आहे ते ओळखा. पाणीच हिरवं असेल तर ते छोट्या हौदात कोणताही मासा खाऊन संपवत नाही, ते वाफ्याचंच काम. केसांसारखं लोंबतं शेवाळ खराट्याच्या काडीला गुंडाळून काढायचं. राहिला भिंतीवरचा पातळ थर, तेवढा खाणारे लागतात. त्यासाठी मॉली घ्या, पाच-सहा पुरेत. तिला जड पाणी मानवतं. गप्पीही शेवाळ टोकरतात, पण त्यांचा खरा उपयोग डासांच्या अळ्या खाण्याचा. डास झाले तर आळीत डेंग्यू आपल्यामुळं पसरेल, म्हणून गप्पी हवेतच. फक्त ओढ्या-तळ्यात सोडू नका.

दुकानदार दोन इंची सकर, म्हणजे काचेला तोंड चिकटवून शेवाळ चाटणारा मासा, देऊ करतो. नको. तो फुटाहून मोठा होतो, घाण खूप करतो, आणि कंटाळून लोक त्याला तलावात सोडतात. तिथं तो मच्छीमारांची जाळी फाडतो. गवत्या मासा (ग्रास कार्प) शेवाळ सोडून तुमची झाडंच खाईल. आपल्या दख्खनच्या ओढ्यांत खडकावरचं शेवाळ खरवडणारा मळ्या मासा आहे. साइक्स या इंग्रज अधिकारी-अभ्यासकानं १८३९मध्ये त्याचं वर्णन केलं तेव्हा शास्त्रीय नावातही आपला हाच शब्द घेतला. मला तो फार आवडतो, पण त्याला वाहतं, प्राणवायूनं भरलेलं पाणी लागतं. तापलेल्या हौदात त्याला कोंडू नये. पावसाळ्यात बेडकांची पिल्लं आपणहून येतात, तीही भिंती चाटून साफ करतात, त्यांना काढून टाकू नका.

उन्हाळ्यात पाणी रोज आटतं. वर घालायचं टँकरचं पाणी टीसीएलचं (ब्लीचिंग पावडर टाकलेलं) असेल तर उघड्या टिपात दोन दिवस ठेवून मग घाला, तेही थोडं थोडं. पहाटे मासे वर येऊन तोंड उघडत असतील तर प्राणवायू कमी पडलाय. त्या दिवशी खाद्य बंद, आणि आधी पंपाचा स्पंज काढून हौदाच्याच पाण्यात पिळा. ते काळं पाणी मी मोगऱ्याला घालते.