थ्री फेज आरसीसीबीच्या वायरिंगमध्ये या चुका टाळा

"आरसीसीबी सारखा पडतोय, बदलून टाका" असा निरोप आला की मी नवा आरसीसीबी (करंट अर्थकडे गळला की सप्लाय तोडणारा स्विच) पिशवीत टाकत नाही. मेगर (इन्सुलेशन मोजणारा मीटर) आणि लीकेज क्लॅम्प (गळणारा करंट मोजणारा चिमट्यासारखा मीटर) टाकतो. थ्री फेज बोर्डात हा डबा स्वतः बिघडलेला क्वचितच निघतो. गोंधळ असतो पुढच्या वायरिंगमध्ये, त्यातही न्यूट्रलमध्ये, म्हणजे करंट परत नेणाऱ्या तारेत. शिक्षा मात्र आरसीसीबीला होते: तो बदलला जातो किंवा त्याहून वाईट म्हणजे बायपास केला जातो.

आधी एक गैरसमज बाजूला करू. "तिन्ही फेजवर लोड सारखा नाही म्हणून ट्रिप होतो" हे साफ चूक आहे. आरसीसीबीच्या आत एक गोल कोअर असतो आणि तिन्ही फेज व न्यूट्रल अशा चारही तारा त्यातून जातात. कोअरला कळते ती या चौघांची बेरीज. आर फेजवर 10 अँपिअरचा हीटर, वाय फेजवर 6 चा आणि बी मोकळा असला तरी न्यूट्रलमधून साधारण 8.7 अँपिअर परत येतो आणि बेरीज शून्यच राहते. या चौघांना चुकवून दुसऱ्या वाटेने गेलेला करंट तेवढा मोजला जातो. 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी 15 ते 30 च्या मध्ये कुठेतरी पडतो.

न्यूट्रल बाहेरून नेणे

चार पोलचा आरसीसीबी, पण आत फक्त तीन फेज. न्यूट्रल इनकमरवरून (बोर्डाच्या मेन स्विचवरून) थेट लिंकवर, म्हणजे न्यूट्रल कसायच्या पट्टीवर. मोटारी चालतात तोवर कुणाला पत्ता लागत नाही, कारण मोटारीला न्यूट्रल लागतच नाही. मग एक दिवस कुणीतरी एक फेज आणि न्यूट्रल घेऊन 9 वॅटचा एलईडी बल्ब लावतो आणि अख्खं पॅनल बंद. 230 व्होल्टवर 9 वॅट म्हणजे जवळपास 39 मिलीअँपिअर. तेवढा करंट फेजमधून गेला, पण कोअरमधून परत आलाच नाही.

दोन आरसीसीबींचे न्यूट्रल एकत्र करणे

प्रत्येक फेजला वेगळा दोन पोलचा आरसीसीबी असलेल्या डीबीमध्ये (डिस्ट्रिब्यूशन बोर्डात) ही चूक हमखास सापडते. तीन आरसीसीबी म्हणजे तीन वेगळे न्यूट्रल लिंक. वायरमनला सवय असते एकाच पट्टीवर सगळे न्यूट्रल कसण्याची. लोड नसताना तिन्ही आरसीसीबी निमूट उभे राहतात. पहिला गिझर चालू केला की एक पडतो, कधी दोन पडतात. पुढच्या एखाद्या स्विचबोर्डात दोन सर्किटचे न्यूट्रल एकत्र पिळलेले असले तरी हेच होतं. वायर ओढतानाच प्रत्येक न्यूट्रलला त्याच्या फेजचा नंबर लावा. नंतर शोधायचं म्हटलं तर दिवस मोडतो.

न्यूट्रल आणि अर्थ चिकटणे

हा फॉल्ट सगळ्यात फसवा. एका ऑफिसात चार पोलचा 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी सकाळी ठीक असायचा, दुपारी एसी सुरू झाले की पडायचा. एसीवाल्याला तीनदा बोलावून झालं होतं. त्याने कॉम्प्रेसर तपासला, वायर बदलली, तरी तेच. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. खरा दोष निघाला सामानाच्या खोलीतल्या एका सॉकेटमध्ये, तोही दुसऱ्याच फेजवरचा आणि एमसीबी (ओव्हरलोडला पडणारा त्या सर्किटचा स्विच) बंद केलेला. लोखंडी बॉक्सच्या स्क्रूखाली काळी वायर दबून तांबं बॉक्सला टेकलं होतं.

एमसीबी बंद असताना कसं काय? सिंगल पोल एमसीबी फक्त फेज तोडतो. त्या सर्किटचा न्यूट्रल लिंकवर जोडलेलाच राहतो. एसीचा मोठा करंट न्यूट्रलमधून परत जाताना न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात एखाद-दोन व्होल्टचा फरक पडतो. तांबं थेट लोखंडाला टेकलेलं असेल तर 30 मिलीअँपिअर वाहायला तेवढा फरक पुरे. म्हणून "एकेक एमसीबी चालू करून बघू" ही नेहमीची युक्ती इथे दिशाभूल करते. ज्याच्यावर पडला तो गुन्हेगार असेलच असं नाही.

शोधायची पद्धत अशी. मेन बंद करा आणि सप्लाय गेलाय हे मीटरने तपासा. सगळी उपकरणं सॉकेटमधून काढा. लिंकवरचे न्यूट्रल सोडा आणि एकेक न्यूट्रल अर्थशी मेगरवर 500 व्होल्टला मोजा. चांगले असतील ते मेगओहममध्ये दाखवतील, दोषी असेल तो शून्याजवळ बसेल. आरसीसीबी मात्र या मोजणीत जोडलेला ठेवू नका. त्याच्या टेस्ट बटणाची सर्किट आकडा बिघडवते आणि आत इलेक्ट्रॉनिक्स असेल तर ते जळू शकतं.

अर्थ वायर कोअरमधून नेणे

आरसीसीबीत हे सहसा होत नाही. मोठ्या पॅनलमध्ये बाहेरून कोअर बसवून अर्थ लीकेज रिले वापरतात, तिथे होतं. आर्मर्ड केबल (बाहेरून लोखंडी कवच असलेली) आर्मरसकट कोअरमधून नेली आणि ग्लँड (केबल पॅनलला घट्ट धरणारा भाग) कोअरच्या वर आला, तर फॉल्टचा करंट फेजमधून जाऊन आर्मरमधून त्याच कोअरमधून परत येतो. बेरीज शून्य आणि रिले गप्प. मग ग्लँडची अर्थ वायर कोअरमधून उलटी खाली आणून अर्थ बारला जोडावी लागते. ही वायर "उगाच उलटी फिरवली आहे" असं समजून सरळ करून टाकणारे शहाणेही मी पाहिलेत.

फक्त मोटारीचा लोड असेल, तर चार पोलच्या आरसीसीबीचा न्यूट्रल लोडच्या बाजूला मोकळा राहिला तरी चालतो. सप्लायच्या बाजूला मात्र न्यूट्रल जोडा. बऱ्याच मॉडेलमध्ये टेस्ट बटण एक फेज आणि न्यूट्रल यांच्यावर चालतं. न्यूट्रल नसेल तर ते दाबून काहीच होत नाही. न्यूट्रल उपलब्धच नसेल तर डब्याच्या अंगावर छापलेली आकृती बघा आणि टेस्ट सर्किटला व्होल्टेज मिळेल अशा पोलवर फेज घ्या.

जनरेटर असेल तर चेंजओव्हर, म्हणजे मेन आणि जनरेटर यांत अदलाबदल करणारा स्विच, चार पोलचा असावा. न्यूट्रल न तोडणारा तीन पोलचा चेंजओव्हर असेल आणि जनरेटरचा न्यूट्रल तिकडे वेगळा अर्थ केलेला असेल, तर मेन सप्लायवर चालतानाही थोडा करंट त्या वाटेने परत जातो आणि चेंजओव्हरच्या आधी बसवलेला आरसीसीबी पडतो. इन्व्हर्टरची फेज एका आरसीसीबीखालून आणि न्यूट्रल दुसऱ्याच्या लिंकवरून घेणं हा त्याचाच धाकटा भाऊ.

चुकीचा प्रकार निवडणे

थ्री फेज व्हीएफडी, म्हणजे मोटारीचा वेग बदलणारा ड्राइव्ह असेल, तर वायरिंग निर्दोष असूनही धोका राहतो. फॉल्टमध्ये सपाट डीसी करंट गळू शकतो. त्याने एसी टाइपच्या (फक्त एसी करंटचं लीकेज ओळखणाऱ्या) आरसीसीबीचा कोअर सॅच्युरेट होतो, म्हणजे चुंबकत्वाने भरून जातो, आणि खरा फॉल्ट आला तरी आरसीसीबी जागचा हलत नाही. ए टाइप 6 मिलीअँपिअरपर्यंतचा सपाट डीसी सहन करतो. त्यापुढे बी टाइपच हवा. तो महाग पडतो, पण इथे काटकसर करू नका.

पडत राहण्याचं आणखी एक साधं कारण म्हणजे साठलेलं लीकेज. कॉम्प्युटर आणि ड्राइव्हमधले फिल्टर थोडाथोडा करंट अर्थला सोडतातच. नेहमीचं लीकेज आरसीसीबीच्या रेटिंगच्या 30 टक्क्यांच्या आत ठेवावं, म्हणजे 30 मिलीअँपिअरच्या आरसीसीबीवर 9 च्या खाली. लीकेज क्लॅम्पच्या जबड्यात तिन्ही फेज आणि न्यूट्रल एकत्र धरा, अर्थ बाहेर ठेवा. आकडा समोर येतो. जास्त आला तर सर्किट दोन आरसीसीबींवर वाटा. रेटिंग वाढवून 100 चा बसवू नका. माणसाच्या जिवासाठी 30 च लागतो, 100 आणि 300 हे आगीपासून संरक्षणासाठी.

वर 300 आणि खाली 30 लावले तरी दोन्ही साधे असतील तर जोरदार फॉल्टला दोन्ही एकदम पडतात. वरचा एस टाइप, म्हणजे मुद्दाम उशिरा पडणारा घ्या. आणि 40 अँपिअरचा आरसीसीबी 63 च्या एमसीबीखाली ठेवू नका. ओव्हरलोड त्याला कळत नाही, काँटॅक्ट जळतात.

काम झाल्यावर आरसीसीबी टेस्टरने तिन्ही फेजवर वेगवेगळी चाचणी घ्या. साधा 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी 30 ला 300 मिलीसेकंदांत आणि 150 ला 40 मिलीसेकंदांत पडला पाहिजे, 15 ला पडता कामा नये. नुसत्या टेस्ट बटणाने आतली यंत्रणा हलते एवढंच कळतं, अर्थिंगबद्दल काही कळत नाही.

चाचणी घेण्याआधी, फॉल्ट शोधताना सोडलेले न्यूट्रल परत कसले का ते हाताने ओढून बघा, विशेषतः मेन न्यूट्रल. तो ढिला राहिला आणि तिन्ही फेज चालू केल्या, तर कमी लोडच्या फेजवरच्या उपकरणांना 230 च्या जागी 400 च्या जवळपास व्होल्टेज जाऊ शकतं. तेव्हा आरसीसीबी पडत नाही. बेरीज शून्यच असते.