ओव्हन तापत नाही? आधी या चुका टाळा

ओव्हन तापेनासा झाला की पहिला प्रश्न ठरलेला: "कॉइल कुठली मागवू?" अहो, पण कॉइल गेली हे ठरवलं कोणी? आतला दिवा लागतोय, पंखा फिरतोय, म्हणजे वीज येतेय, म्हणजे कॉइलच गेली, असा हा हिशेब. कॉइलकडे जाणारी वीज टायमर, सिलेक्टर स्विच (कुठली कॉइल चालवायची ते ठरवणारा), थर्मोस्टॅट (ठरवलेलं तापमान राखणारा) आणि थर्मल कट-आउट (जास्त तापल्यावर वीज तोडणारा) यांतून जाते. यांपैकी एकही जागा तुटली तरी लक्षण तेच दिसतं: दिवा चालू, भट्टी गार.

आधी फुकटातलं बघा. वीज जाऊन आल्यावर घड्याळ लुकलुकतंय का? बऱ्याच ओव्हनमध्ये वेळ लावल्याशिवाय किंवा टायमर 'मॅन्युअल'वर आणल्याशिवाय कॉइलला वीज सोडतच नाहीत. छोट्या टेबलावरच्या ओव्हनचा टायमर शून्यावर असेल तर तापमानाचा नॉब कितीही फिरवा, काही होणार नाही. एवढं न बघता पाठ उघडायला बसणारे पुष्कळ आहेत.

न मोजता कॉइल मागवणे

साधा मल्टिमीटर घ्या. तो वापरायचा कंटाळा असेल तर दुरुस्तीच्या फंदात पडूच नका. प्लग काढा, ओव्हन भिंतीत बसवलेला असेल तर त्याचा एमसीबी (वीज तोडणारा मीटरबोर्डावरचा स्विच) पाडा आणि वीज खरंच गेली आहे हे तपासा. ओव्हन गार होऊ द्या. वायरी काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. मी वर कागदी चिकटपट्टीचे नंबरही लावतो, कारण फोटोत दोन पांढऱ्या वायरी सारख्याच दिसतात. मग कॉइलच्या दोन्ही वायरी सोडवा. त्या तशाच ठेवून मोजलं तर दुसऱ्याच भागाचं रीडिंग येऊ शकतं.

किती ओहम (विजेला होणाऱ्या अडथळ्याचं माप) यायला हवेत? व्होल्टेजचा वर्ग भागिले वॉट. 230 व्होल्टवर 2000 वॉटची कॉइल साधारण 26 ओहम, 1000 वॉटची 53. तुमचा पुरवठा वेगळा असेल तर तो आकडा घाला. उत्तर जवळपास आलं तर कॉइल ठणठणीत आहे, पैसे वाचले. मीटर काहीच दाखवत नसेल तर ती आतून तुटली. मग दुसरी चाचणी: मीटरचा एक प्रोब (टोकदार वायर) कॉइलच्या टोकाला, दुसरा तिच्या धातूच्या नळीला. इथे काहीच दिसता कामा नये. काही ओहम दिसले तर कॉइल बॉडीला लागली आहे. ओव्हन लावला की आरसीसीबी (वीज बाहेर गळली की पुरवठा तोडणारा स्विच) पडत असेल तर आधी इथे बघा. अशा वेळी अर्थिंगची वायर काढून 'चालवून बघणारे' महाभाग असतात. त्यांच्याशी वाद घालायचं मी सोडून दिलं आहे.

पुष्कळदा कॉइल चांगली असते आणि तिच्या टोकावरचं थिंबल (वायर जोडायची धातूची टोपी) सैल पडून काळं झालेलं असतं. चकचकीत तांबं दिसेपर्यंत वायर मागे कापा आणि नवं थिंबल पक्कं दाबून बसवा. वायर बदलायचीच तर उष्णता सहन करणारी, फायबरग्लास किंवा सिलिकॉनच्या आवरणाची घ्या. साधी पीव्हीसी वायर साधारण 70 अंशांपर्यंतची असते. पीळ मारून वर टेप गुंडाळणं ही दुरुस्ती नव्हे. सोल्डरही नको, नेहमीचं शिशाचं सोल्डर 183 अंशांनाच मऊ पडायला लागतं.

कट-आउट 'डायरेक्ट' करणे

या एका गोष्टीवर माझं डोकं फिरतं. थर्मल कट-आउट म्हणजे पाठीमागे किंवा वरच्या बाजूला बसवलेली, नाण्याएवढी, दोन टोकांची चकती. ओव्हन प्रमाणाबाहेर तापला की ती वीज तोडते. काहींच्या मधोमध परत चालू करायचं बारीक बटण असतं.

माझ्या एका नातेवाइकांचा ओव्हन असाच गार पडला. आलेल्या मेकॅनिकने कट-आउट तुटलेला शोधला, इथपर्यंत शाबास. मग वायरचा तुकडा घेऊन दोन्ही टोकं जोडून टाकली. "डायरेक्ट केलंय, आता कटकट नाही." ओव्हन तापला, सगळे खूश. कट-आउट मुळात का पडला, हे कोणी विचारलंच नाही. थर्मोस्टॅटचे पॉइंट (वीज जोडणारे-तोडणारे आतले संपर्क) चिकटले होते, त्यामुळे नॉब 180 वर असो वा 100 वर, कॉइल बंदच होत नव्हती. पॅनेलवरचा तापण्याचा दिवा एकदाही विझत नव्हता, पण तिकडे लक्ष कुणाचं? एके संध्याकाळी जळका वास आला म्हणून आत गेले, तर नॉब मऊ होऊन वाकलेला आणि शेजारच्या कपाटाची कड काळी पडलेली. मेन स्विच पाडला म्हणून तिथेच थांबलं.

कट-आउट पडला तर कारण शोधा: थर्मोस्टॅट चिकटलाय का, थंड करणारा पंखा फिरतोय का, हवेच्या फटी बुजल्यात का. मग त्याच अंशांचा नवा कट-आउट लावा. घाई असेल तर त्या दिवशी बेकिंग करू नका, कोणी मरत नाही.

बाकीच्या, थोडक्यात

तळाला अॅल्युमिनियम फॉइल अंथरू नका. उष्णता अडकते आणि तळाचं एनॅमल खराब होतं.

एक्स्टेंशन बोर्डावर ओव्हन नको. 2000 वॉट म्हणजे जवळपास 9 अँपिअर.

वरून करपतंय आणि खालून कच्चं राहतंय? एकच कॉइल गेली असेल, वरची-खालची वेगवेगळी चालवून बघा.

मायक्रोवेव्ह असेल तर पाठ उघडूच नका. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये जीवघेणा विजेचा साठा राहू शकतो.

गॅसच्या ओव्हनमध्ये इग्नायटर (गॅस पेटवणारा, विजेने तापणारा भाग) लालसर दिसतो पण बर्नर पेटत नाही, आणि दोष जातो व्हॉल्व्हवर. अशा ओव्हनमध्ये इग्नायटरमधून पुरेसा करंट वाहिल्याशिवाय व्हॉल्व्ह उघडत नाही. म्हातारा झालेला इग्नायटर चमकतो, पण तेवढा करंट जाऊ देत नाही. थर्मोकपल (ज्योत आहे की नाही ते ओळखणारा भाग) असलेल्या ओव्हनमध्ये ज्योत लागल्यावर नॉब 10-15 सेकंद दाबून धरावा लागतो. तीन सेकंदांत हात काढून "बिघडला" म्हणणाऱ्यांनी आधी सूचनापुस्तिका उघडावी. आणि गॅसचा वास येत असेल तर नॉब बंद, मुख्य कॉक बंद, खिडक्या उघड्या. वास पूर्ण जाईपर्यंत विजेच्या कुठल्याही बटणाला हात लावायचा नाही.