डॉटनेट लिनक्सवर नेताय? मग या चुका टाळा

मायक्रोसॉफ्टवर भरवसा ठेवायचा का, हा वाद सुरू झाला की कोणीतरी सिल्व्हरलाइटचा (ब्राउझरमध्ये अॅप चालवणारं त्यांचंच प्लगइन) विषय काढतंच, आणि काढणारच, कारण 2007 ला वाजतगाजत आणलेलं ते प्रकरण 2011 च्या पाचव्या व्हर्जननंतर पुढे गेलंच नाही आणि 2021 ला सपोर्टही बंद झाला. पण त्यावरून डॉटनेटला (मायक्रोसॉफ्टचा अॅप्स बनवायचा प्लॅटफॉर्म) सरसकट नाही म्हणणं ही पहिली चूक. सिल्व्हरलाइटचा रनटाइम (कोड प्रत्यक्ष चालवणारा भाग) क्लोज्ड सोर्स होता, कंपनीने हात काढला की संपलं. आत्ताचा डॉटनेट रनटाइम एमआयटी लायसन्सवर (कोणीही कोड वापरू, बदलू शकतं असा परवाना) ओपन सोर्स आहे, उद्या कंपनी रुसली तरी कोड कुठे जात नाही.

मात्र सगळंच ओपन आहे असं समजून निवांत बसू नका. व्हीएस कोड या एडिटरमधला मायक्रोसॉफ्टचा सी शार्प (डॉटनेटची मुख्य भाषा) डीबगर, म्हणजे कोडमधल्या चुका शोधायचं साधन, घ्या, त्याचं लायसन्स वेगळं, तो मायक्रोसॉफ्टबाहेरच्या एडिटरमध्ये कायदेशीर वापरता येत नाही (सॅमसंगने त्यासाठी वेगळा ओपन डीबगर लिहिला, म्हणजे बघा).

सर्व्हरसाठी चाललं म्हणून मोबाइल-डेस्कटॉपलाही डोळे झाकून तेच घेणं, ही सगळ्यात महागात पडणारी चूक. मोबाइल अॅप्ससाठीचं झामरिन मायक्रोसॉफ्टने 2016 ला विकत घेतलं, मे 2024 ला सपोर्ट बंद, आता त्याच्या जागी आलेलं माउई वापरा म्हणतात. आणि माउईमध्ये लिनक्स डेस्कटॉप अधिकृतपणे नाहीच, वर डॉटनेटच्या एलटीएसला (जास्त काळ सपोर्ट असलेल्या व्हर्जनला) मिळतात ती तीन वर्षंही माउईला मिळत नाहीत. माझं मत स्पष्ट आहे, बॅकएंडला (सर्व्हरच्या कामाला) बिनधास्त घ्या, यूआयला (स्क्रीनवर दिसणाऱ्या भागाला) दहादा विचार करा.

आता प्रत्यक्ष काय फुटतं ते. विंडोजवर मस्त चाललेला कोड लिनक्सवर फाइल सापडत नाही म्हणतो, तेव्हा आधी नावातली कॅपिटल-स्मॉल अक्षरं आणि उलटे स्लॅश बघा. इनव्हॉइसवर लोगो किंवा क्यूआर छापताना एरर आली तर बहुतेक वेळा जुनी सिस्टम डॉट ड्रॉइंग ही चित्रांची लायब्ररी सापडते, डॉटनेट 7 पासून ती फक्त विंडोजवर चालते, त्याऐवजी स्कियाशार्प लायब्ररीवर जा.

आपल्याकडे हमखास नडणारी गोष्ट म्हणजे कल्चर, म्हणजे आकडे-तारखा कुठल्या भाषेच्या, देशाच्या पद्धतीने दाखवायच्या ती सेटिंग. 12,34,567 असा लाखाचा स्वल्पविराम हवा म्हणून मराठी-भारत कल्चर मागितलं, लॅपटॉपवर छान दिसलं, आणि अल्पाइनच्या (अगदी छोटं लिनक्स) कंटेनरमध्ये, म्हणजे अॅप गुंडाळून चालवायच्या डब्यात, कल्चर सापडत नाही म्हणून अॅप सुरूच होईना. तो कंटेनर ज्या तयार इमेजवरून बनतो, तिच्यात आयसीयू लायब्ररी (भाषा-देशांची माहिती देणारी) नसते आणि इन्व्हेरियंट मोड (कुठल्याही भाषा-देशाची पद्धत न वापरणारा) चालू ठेवलेला असतो. नुसती लायब्ररी टाकून भागत नाही, तो मोडही बंद करावा लागतो, आणि लोक नेमकं हे दुसरं विसरतात, मग अख्खी संध्याकाळ मायक्रोसॉफ्टच्या नावाने बोटं मोडत बसतात.