व्हेनिसमध्ये गाइड कुठे घ्यावा आणि कुठे घेऊ नये

बडोद्याहून युरोपला जाणारी बरीच मराठी कुटुंबे ग्रुप टूरबरोबर जातात, आणि अशा सहलीत व्हेनिसच्या वाट्याला साधारणपणे अर्धा दिवसच येतो. बस त्रोंकेत्तोच्या तळावर थांबते, मोटारबोट सान मार्को चौकाजवळ उतरवते, काच फुंकण्याचे प्रात्यक्षिक होते, गोंडोलाची फेरी होते, तासभर मोकळा वेळ मिळतो आणि संध्याकाळी मंडळी पुन्हा बसमध्ये बसतात. ११८ बेटांवर उभ्या असलेल्या आणि चारशेहून अधिक पुलांनी जोडलेल्या या शहराचा एवढ्या वेळात केवळ दर्शनी भाग दिसतो. म्हणून ज्यांना शक्य असेल त्यांनी व्हेनिसमध्ये किमान दोन रात्री मुक्काम करावा आणि स्थानिक गाइडसोबतच्या फेऱ्या स्वतः निवडाव्यात. निवडीसाठी मी एकच कसोटी सुचवतो. जिथे गाइडशिवाय दार उघडत नाही, किंवा दार उघडे असूनही समोर काय आहे हे डोळ्यांना कळत नाही, तिथेच गाइडचे पैसे द्यावेत. गल्ल्या, पूल आणि कालव्यांचे सौंदर्य पाहण्यासाठी कोणाचीही मध्यस्थी लागत नाही.

आधी माणसांतला फरक समजून घ्यावा. आपल्याकडून सोबत येणारा टूर मॅनेजर प्रवासाची, जेवणाची आणि हॉटेलची व्यवस्था पाहतो. तो कितीही अनुभवी असला तरी व्हेनिसचा गाइड नसतो. इटलीत पर्यटन मार्गदर्शकाला परीक्षा देऊन परवाना मिळवावा लागतो आणि काम करताना ओळखपत्र जवळ बाळगावे लागते. ऑनलाइन फेरी निवडताना ती परवानाधारक गाइड घेणार आहे, असे स्पष्ट लिहिलेले आहे का, ते पाहावे. ‘होस्ट’, ‘एस्कॉर्ट’ किंवा ‘स्थानिक मित्र’ असे गोड शब्द वापरलेले असतील, तर परवान्याविषयी लेखी विचारणा करावी. टिपेवर चालणाऱ्या तथाकथित मोफत पायी फेऱ्यांनाही हाच प्रश्न विचारावा.

दुसरी गोष्ट गटाच्या आकाराची. व्हेनिसच्या महापालिकेने २०२४ मध्ये पर्यटकांच्या गटावर २५ जणांची मर्यादा घातली आणि गाइडला ध्वनिवर्धक वापरण्यास बंदी केली. ही मर्यादा रहिवाशांच्या सोयीसाठी आहे. पंचवीस जणांच्या गटात ऐकू येईल असे त्यातून निष्पन्न होत नाही. इथल्या अनेक गल्ल्यांत दोन माणसे जेमतेम शेजारून जातात, त्यामुळे मोठा गट लांब रांगेत विखुरतो आणि शेवटचा माणूस पुलावर पोहोचेपर्यंत त्या पुलाची गोष्ट संपलेली असते. शक्यतो दहा-बारा जणांची फेरी घ्यावी, आणि गट त्याहून मोठा असेल तर कानात घालायचे यंत्र मिळते का ते आधी पाहावे. आपल्या लोकांसाठी याहून चांगला मार्ग म्हणजे खासगी गाइड. तो सहसा माणशी नव्हे, तर संपूर्ण गटासाठी तासांप्रमाणे मानधन घेतो. त्यामुळे आई-वडील, भाऊ-वहिनी आणि मुले असे सात-आठ जण असतील, किंवा ओळखीची दोन कुटुंबे एकत्र आली असतील, तर माणशी खर्च बहुधा सामूहिक फेरीच्या जवळपास येतो आणि वेग, विश्रांती व विषय आपल्या हातात राहतात.

आता प्रत्यक्ष जागांकडे वळू. एकच फेरी परवडणार असेल, तर ती डोजच्या राजवाड्याची घ्यावी. डोज हा राजा नव्हता. उमराव घराण्यांतून तहहयात निवडला जाणारा तो व्हेनिसच्या प्रजासत्ताकाचा प्रमुख होता, आणि त्याच्यावर नजर ठेवण्यासाठी परिषदांची एक गुंतागुंतीची रचना उभी केलेली होती. ही रचना ठाऊक नसेल, तर महापरिषदेचे ५३ मीटर लांब आणि २५ मीटर रुंद सभागृह केवळ भव्य वाटते, भिंतभर पसरलेले तिंतोरेत्तोचे ‘स्वर्ग’ हे चित्र केवळ मोठे वाटते, आणि गुप्त तक्रारी टाकण्यासाठी भिंतीत बसवलेली सिंहमुखे केवळ शोभेची वाटतात. १५७७ च्या आगीनंतर ही दालने नव्याने का आणि कशी रंगवली, कोणत्या चित्रातून कोणत्या विजयाचा दावा केला आहे, आणि हजाराहून अधिक उमराव एका छताखाली मतदान कसे करत होते, हे जाणकाराकडून ऐकले की ते दालन समजू लागते.

याच राजवाड्यात ‘इतिनेरारी सेग्रेती’ म्हणजे गुप्त मार्गांची वेगळी फेरी असते. त्या खोल्यांत गाइडशिवाय प्रवेशच नाही, त्यामुळे वर सांगितलेली कसोटी इथे पूर्णपणे लागू पडते. फेरी सुमारे सव्वा तासाची असते आणि इंग्रजीतूनही होते. लाकडी तक्तपोशीच्या लहान कचेऱ्या, चौकशीची खोली आणि छपराखालच्या कोठड्या ती दाखवते. साहसी लेखक जाकोमो कासानोव्हा १७५६ मध्ये याच कोठड्यांतून पळाला होता. खालच्या सोनेरी दालनांत राज्य स्वतःला कसे मिरवत होते ते दिसते, तर वरच्या अरुंद खोल्यांत ते प्रत्यक्षात कसे चालत होते ते कळते, आणि म्हणूनच दोन्ही भाग एकाच दिवशी पाहावेत. जागा मर्यादित असल्याने आरक्षण बरेच आधी करावे. जिने अरुंद आहेत आणि काही भाग कोंदट आहेत, त्यामुळे गुडघ्याचा किंवा श्वासाचा त्रास असलेल्यांना आणि अगदी लहान मुलांना तिथे नेऊ नये.

शेजारच्या सेंट मार्क बॅसिलिका या चर्चचे गणित थोडे वेगळे आहे. दिवसा आत रेटारेटी असते, थांबून पाहायला वाव कमी मिळतो आणि गाइडचे बोलणेही घाईचे होते. आठ हजार चौरस मीटरच्या सोनेरी मोझेकचे काम अशा घाईत पाहणे हा त्या कामावर अन्याय आहे. दर्शनाची वेळ संपल्यावर संध्याकाळी लहान गटांना आत नेणाऱ्या फेऱ्या असतात. त्या बऱ्याच महाग पडतात, परंतु खर्च करायचा असेल तर तो गोंडोलापेक्षा इथे करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्या लक्ष्मी विलास राजवाड्यातील दरबार हॉलची फरशी व्हेनेशियन मोझेकची आहे. ती आधी नीट पाहून गेलेल्या बडोदेकराला या घुमटांखाली विचारण्यासारखे पुष्कळ सुचेल: काचेच्या तुकड्यांत सोन्याचा पत्रा कसा बसवतात, तुकडे मुद्दाम किंचित तिरपे का लावतात. दिवसाच जायचे असेल, तर वेळेचे तिकीट काढून स्वतः जावे आणि वरच्या मजल्यावरील संग्रहालय चुकवू नये. १२०४ मध्ये कॉन्स्टँटिनोपलहून लुटून आणलेले, १७९७ मध्ये नेपोलियनने पॅरिसला नेलेले आणि १८१५ मध्ये परत आलेले घोड्यांचे चार मूळ पुतळे तिथे आहेत. बाहेर दिसतात त्या प्रतिकृती. खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत. चौकातील उंच मनोऱ्यासाठी गाइडची मुळीच गरज नाही. वर लिफ्ट जाते, त्यामुळे ज्येष्ठांनाही तो सोयीचा आहे.

पायी फेऱ्यांच्या जाहिराती सर्वांत जास्त असतात आणि फसगतही तिथेच अधिक होते, कारण सान मार्को ते रियाल्तो हा दुकानांनी भरलेला रस्ता दाखवूनही फेरी पूर्ण झाली असे म्हणता येते. अशी फेरी घेऊ नये. कान्नारेजो, कास्तेल्लो किंवा दोर्सोदुरो यांपैकी एकाच भागात दोन तास फिरवणारी फेरी निवडावी आणि आरक्षणापूर्वी गाइडला एक-दोन प्रश्न लिहून पाठवावेत. मी पाण्याविषयीचा प्रश्न सुचवतो: चहूकडे खारे पाणी असताना हे शहर प्यायचे काय? जवळजवळ प्रत्येक चौकात कोरीव दगडी विहीर दिसते, पण तिच्या तळाशी झरा नसतो. चौकाखाली चिकणमातीने लिंपलेले कुंड खोदून त्यात वाळू भरलेली असे. पावसाचे पाणी चौकाच्या उतारावरून दगडी जाळ्यांत उतरे, वाळूतून गाळले जाई आणि मधल्या विहिरीत साचे. १८८४ मध्ये मुख्य भूमीवरून नळाने पाणी येईपर्यंत शहर प्रामुख्याने या व्यवस्थेवर जगले. नवलखी वाव पाहिलेल्या आणि आजव्याच्या पाण्यावर वाढलेल्या माणसाला हा विषय परका वाटणार नाही. ज्या गाइडचे उत्तर या प्रश्नावर खुलते, तो पुढे इमारतींच्या पायाच्या खुंटांविषयीही नीट सांगेल: गाळात ठोकलेले लाकूड पाण्याखाली प्राणवायूअभावी कुजत नाही, आणि त्यावर पाणी सहज न शोषणारा इस्त्रियाचा दगड रचला की भिंती उभ्या राहतात.

कान्नारेजोत गेलात, तर यहुदी वस्ती गाइडसह पाहावी. १५१६ मध्ये प्रजासत्ताकाने यहुद्यांना या बेटावर राहण्याची सक्ती केली आणि रात्री दरवाजे बंद ठेवले. ते १७९७ पर्यंत उभे होते. जागा वाढवता येत नसल्याने घरांचे मजले वाढत गेले, म्हणून इथल्या इमारती आजूबाजूच्या घरांपेक्षा उंच आहेत. प्रार्थनास्थळे वरच्या मजल्यांवर आहेत, बाहेरून ओळखू येत नाहीत, आणि आत जायचे तर यहुदी संग्रहालयाच्या गाइडबरोबरच जावे लागते. शनिवारी मात्र ती बंद असतात.

खासगी गाइड घेतला असेल, तर विषय आपण ठरवावा. गुजरातमधून आलेल्यांनी रियाल्तोच्या परिसरात पूर्वेकडील व्यापाराची फेरी मागावी. १५६३ मध्ये व्हेनिसहून निघालेला चेझारे फेदेरिची हा व्यापारी खंबायतला येऊन गेला आणि त्याने तिथल्या व्यापाराचे वर्णन लिहून ठेवले. बडोद्यापासून काही तासांच्या अंतरावरील बंदर आणि रियाल्तोचा हा पूल एकाच व्यापारी साखळीत होते, हे मुलांना त्या ठिकाणी उभे राहून ऐकायला मिळाले, तर शाळेतील इतिहास त्यांना निराळा वाटेल.

पाण्यावरील फेऱ्यांना गाइड लागत नाही. ग्रँड कॅनाल सुमारे ३.८ किलोमीटर लांब आहे आणि वापोरेत्तो म्हणजे सार्वजनिक बोटीची १ क्रमांकाची सेवा तो पूर्ण दाखवते. सकाळी लवकर किंवा दिवे लागल्यावर पुढची जागा धरून बसावे. गोंडोलाचा दर महापालिका ठरवते: २०२३ च्या अखेरीस तो दिवसा अर्ध्या तासाला ९० युरो आणि संध्याकाळी सातनंतर ११० युरो असा झाला, आणि हा दर माणशी नसून पाच जणांपर्यंतच्या एका नावेचा आहे. नावाडी हा गाइड नसतो. त्याच्याकडून इतिहासाची अपेक्षा ठेवू नये, आणि गाण्याचे पैसे वेगळे असतात. केवळ नावेत बसण्याचा अनुभव हवा असेल, तर कालवा ओलांडणाऱ्या त्रागेत्तोत तो दोन युरोंत मिळतो.

मुरानो, बुरानो आणि तोर्चेल्लो या बेटांची एकत्रित अर्ध्या दिवसाची फेरी मी सुचवणार नाही, कारण तिच्यातील मोठा वेळ दुकानांत जातो. हॉटेलातून मिळणारी मोफत बोट तर सरळ काचेच्या विक्रीदालनात नेते. १२९१ मध्ये भट्ट्या मुरानोला हलवल्या गेल्या, तेव्हापासूनची परंपरा तिथल्या काच संग्रहालयात शांतपणे पाहता येते आणि बोटीच्या दिवसभराच्या पासवर तिन्ही बेटे स्वतः करता येतात.

खाद्यफेरी घेताना शाकाहारी मंडळींनी विशेष काळजी घ्यावी. बाकारी म्हणजे तिथल्या लहान मद्यालयांतील चिक्केत्ती, म्हणजे छोटे खाद्यपदार्थ, बहुतांशी मासळीचे असतात, आणि ‘शाकाहारी पर्याय उपलब्ध’ या शब्दांत पाव आणि चीज एवढेच अभिप्रेत असू शकते. मासे, अंडी व मांस चालत नाही हे प्रत्येक पदार्थाच्या नावाने लिहून कळवावे. समाधानकारक उत्तर न आल्यास ती फेरी सोडून द्यावी.

ज्येष्ठांना नेताना ‘सोपी पायी फेरी’ या शब्दांवर विसंबू नये. इथले बहुतेक पूल पायऱ्यांचे आहेत. फेरीत किती पूल चढावे लागतील, बसण्याची आणि स्वच्छतागृहाची सोय कुठे आहे, आणि मधला टप्पा बोटीने करता येईल का, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय पैसे भरू नयेत. हिंदी किंवा मराठी गाइड मिळण्याची आशा धरू नये. घरातील एकाने राजवाड्याचा थोडा इतिहास आधी वाचून आजी-आजोबांना सांगून ठेवला, तर इंग्रजी निवेदनही त्यांना बरेच कळते.

फेरीची तारीख ठरवताना दोन गोष्टी तपासाव्यात. २०२४ पासून गर्दीच्या ठरावीक दिवशी केवळ दिवसभरासाठी येणाऱ्यांना प्रवेशशुल्क भरावे लागते. ज्यांचा मुक्काम व्हेनिस महापालिकेच्या हद्दीत आहे त्यांना ते माफ आहे, पण सूट नोंदवावी लागते. मेस्त्रे त्या हद्दीत येते, पादोव्हा येत नाही, म्हणून स्वस्त हॉटेल निवडताना याचा विचार करावा. दुसरे म्हणजे शरद आणि हिवाळ्यात भरतीचे पाणी चौकांत शिरू शकते. २०२० पासून समुद्रमुखावरील मोझे दरवाजे ते बरेचसे अडवतात, तरी पाणी आल्यास फेरी बदलता येईल की पैसे परत मिळतील, हे गाइडकडून लेखी घ्यावे. एका दिवसात सकाळी एक आणि संध्याकाळी एक याहून जास्त फेऱ्या ठरवू नयेत, आणि राजवाड्याची फेरी मुक्कामाच्या पहिल्याच सकाळी ठेवावी.